किडनीच्या पथ्यात ज्वारीची भाकर चालते का? (फायबर, प्रीबायोटिक वगैरे)

चुलीपासची_सून (तेल्हारा तालुका)

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसती वाचत असते, आज विचारूनच टाकते. आमच्या मामाजींची (सासरे) किडनी कमजोर निघाली. वय ६३, वजन ५२ किलो, बीपी आहे, शुगर नाही. क्रिएटिनिन २.८, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) २४, पोटॅशियम ४.९. डायलिसिसची सध्या गरज नाही म्हणाले. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं (जमिनीखालचं पाणी खारं), त्यामुळे किडनी हा शब्द काही नवा नाही, गावात दर दोन-चार घरं सोडून कोणी ना कोणी आहेच.

दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला, डाळ कमी, पालेभाजी नको, फळं नको, शेंगदाणा नको, मीठ कमी. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं ज्वारीत पण पोटॅशियम असते, ती पण बंद करा, म्हणून यांनी ती पण बंद करायला लावली. आता मामाजी काय खातात तर पांढरा भात, साबुदाणा, चहासोबत टोस्ट आणि मैद्याची बिस्किटं, रात्री परत भात. पोट साफ होत नाही, गॅस धरते, चिडचिड करून राहिले आणि वजन पण उतरून राहिलं. जन्मभर भाकर-चून खाल्लेला माणूस, रोज म्हणतात मले भाकर दे, मग काय व्हायचं ते होऊ दे.

त्यात नणंदेच्या मुलानं पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला की प्रीबायोटिक फायबरनं किडनीवरचा भार कमी होतो आणि सोबत पावडरची लिंक. डबा बराच महाग आहे. तर माझा प्रश्न एवढाच की या फायबरमध्ये खरंच काही आहे का, आणि असेल तर ते भाकरीत नाही का?

पूर्णाकाठ

ताई, आधी पाण्याचं सांगा. बोअरचं पाणी पिता का नळयोजनेचं? आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती येते ते एकदा तपासून घ्या. सरकारी मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा काही स्रोतच नसला तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे, आमच्या शेतातल्या बोअरचं त्याच्याही वर गेलं होतं, चहा करा तर दूध फाटते. फायबर-बियबर नंतर, आधी पाणी.

चुलीपासची_सून

@पूर्णाकाठ दादा, प्यायला ग्रामपंचायतीच्या आरओचा कॅन आणतो. स्वयंपाकाला मात्र मिळेल ते, आता डाळ-भातालाही कॅनचंच वापरते.

बी_फार्म_वाला

ताई प्रश्न एकदम बरोबर विचारला तुम्ही. व्हिडिओत अर्धं खरं आहे आणि अर्धं दुकान आहे.

खरं काय ते सांगतो, थोडं लांबेल. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू असतात, त्यांचं खाणं म्हणजे आपल्याला न पचलेलं फायबर, जंतूंना पोसणाऱ्या अशा खाण्यालाच प्रीबायोटिक म्हणतात. ते मिळालं की ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी फॅटी ॲसिड तयार होतात, त्यातलं ब्युटिरेट तर आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्नच आहे. आता हे खाणं बंद झालं की काय होते? गोठ्यात कडबा संपला की गुरं दावं चघळायला लागतात, तसे हे जंतू आतड्यात उरलेल्या प्रोटीनकडे वळतात. प्रोटीनमधल्या ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनते, टायरोसिनपासून पी-क्रेसॉल बनते. हे रक्तात जाऊन पुढे इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट होतात. चांगली किडनी असली तर लघवीवाटे टाकून देते. कमजोर असली तर साचत जातात, आणि साचले की किडनीला आणि रक्तवाहिन्यांना त्रास देतात. वरून हे दोन्ही रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून बसतात म्हणून डायलिसिसच्या मशीनमधूनही नीट निघत नाहीत.

म्हणजे किडनीच्या पेशंटला फायबर बंद करून भात आणि मैदा देणं हे उलटंच झालं ना. पोट तुंबलं की प्रोटीन आतड्यात जास्त वेळ पडून राहते आणि हे सगळं आणखी वाढते.

अजून एक गोष्ट जी कागदावर कोणी लिहीत नाही. किडनी कमजोर झाली की शरीर पोटॅशियम काढायला आतड्याचा जास्त वापर करते, संडासवाटे जास्त पोटॅशियम जाते. संडासच होत नसेल तर तो रस्ता पण बंद. म्हणजे पोटॅशियमच्या भीतीनं भाकर सोडली आणि बद्धकोष्ठ लावून घेतलं तर हिशेब कुठं जुळला?

कपाशीचा_कास्तकार

भाऊ सगळं समजलं पण सरळ सांगा ना, भाकर खाऊन किडनी सुधारते का, हो का नाई. आमच्या इकडं एका बाबानं जडीबुटी देऊन किडनी चांगली करतो म्हणून लोकायचे हजारो रुपये खाल्ले, म्हणून विचारून राहिलो. असे शब्द ऐकले की मले तेच आठवते.

बी_फार्म_वाला

@कपाशीचा_कास्तकार नाई. सुधारत नाही. गेलेली किडनी भाकरीनं, पावडरीनं, कशानंच परत येत नाही. कोणी येते म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा.

पण "सुधारत नाही" आणि "उपयोग नाही" यात फरक आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणाचा हिशेब आला, त्यात किडनीचा आजार असलेल्या ज्या लोकांच्या जेवणात फायबर जास्त होतं त्यांच्यात अंगातला दाह (रक्तातल्या सीआरपीवरून मोजतात तो) आणि मृत्यूचं प्रमाण दोन्ही कमी दिसले. आता हे नुसतं सोबत दिसणं झालं, भाजी-धान्य खाणारा माणूस बाकीही बरंच नीट करत असते. प्रयोग म्हणाल तर २०१४ मध्ये डायलिसिसच्या पेशंटना सहा आठवडे मक्याचा न पचणारा स्टार्च दिला तेव्हा रक्तातलं मोकळं इंडॉक्सिल सल्फेट कमी झालं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रीबायोटिक आणि प्रोबायोटिक (जिवंत चांगले जंतू) एकत्र देऊन पाहिलं, त्यात पी-क्रेसिल सल्फेट उतरलं, इंडॉक्सिल फारसं हललं नाही आणि ईजीएफआर काही वर गेला नाही. २०२३ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय प्रयोग तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सगळे प्रयोग एकत्र तपासले, त्यांचं म्हणणं पुरावा कच्चा आहे, छोटे छोटे प्रयोग आहेत, डायलिसिस लांबते का माणूस जास्त जगते का हे त्यातून ठरत नाही.

म्हणून माझं मत असं की जेवणातलं फायबर, हाव, नक्की. डब्यातली पावडर, एवढे पैसे घालण्यासारखं काही नाही.

मेळघाट_वाट

डिंकाचं कोणी बोललं नाही अजून? आमच्याकडे धावड्याचा डिंक, बाभळीचा डिंक लोक जंगलातून आणतात, बाळंतिणीला लाडू करतात. मी कुठंतरी वाचलं होतं की सुदानमध्ये किडनीच्या पेशंटना डिंक देतात.

बी_फार्म_वाला

@मेळघाट_वाट बरोबर वाचलं भाऊ, आणि हे गज्जब आहे. तो गम अरेबिक, आफ्रिकेतल्या एका बाभळीच्याच जातीचा. १९९६ मध्ये त्याचा प्रयोग झाला, कमी प्रोटीनवर असलेल्या किडनीच्या पेशंटना रोज ५० ग्रॅम दिला तेव्हा संडासवाटे जाणारा नायट्रोजन वाढला आणि रक्तातला युरिया उतरला. कारण असं की आतड्यातले जंतू फायबर खाऊन वाढतात आणि वाढायला त्यांना नायट्रोजन लागते, तो ते रक्तातून आतड्यात झिरपलेल्या युरियातून घेतात आणि मग जंतूंसकट तो बाहेर पडते. किडनीचं थोडं काम आतडं करते म्हणा.

पण धावड्याचा डिंक वेगळा, त्याच्यावर असा प्रयोग झालेला मला माहीत नाही म्हणून त्याचं नाव घेऊन सांगणार नाही. आणि कृपा करून कोणी डिंकाचे लाडू चालू करू नका, त्यात खारीक, खोबरं, काजू, बदाम असते, म्हणजे पोटॅशियम-फॉस्फरसचा ढीग. ५० ग्रॅम डिंक म्हणजे किती लाडू होतील ते घरच्या बायकांना विचारा.

मेळघाट_वाट

हाहा, आमच्या मायनं ऐकलं तर वर्षभर लाडवाचाच डबा समोर ठेवेल.

आहार_अमरावती

मी आहारतज्ज्ञ आहे, किडनीचे पेशंट रोज बघते. वर औषधशास्त्राच्या भावानं छान सांगितलं, मी स्वयंपाकघराचं सांगते. आणि हे सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारून, कारण मी मामाजींना पाहिलेलं नाही.

ताई, तुमच्या कागदात ज्वारी बंद लिहिलेलं नाही ना? मग ती शेजारच्या काकूंनी बंद केली, डॉक्टरांनी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ज्वारीच्या १०० ग्रॅम धान्यात १० ग्रॅमच्या आसपास फायबर आहे, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमपेक्षाही कमी. हे पण खरं की ज्वारीत पोटॅशियम ३०० मिलिग्रॅमच्या वर आहे आणि तांदळात त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. म्हणून प्रश्न "ज्वारी चालते का" असा नाही, तर मामाजींचं पोटॅशियम किती आणि ज्वारी किती, असा आहे. ४.९ म्हणजे अजून हद्दीत आहे पण वरच्या कडेला आहे. पाच-साडेपाचच्या पुढे गेलं असतं तर मी पण हात आखडला असता.

मी असते तर एका वेळी एक भाकर, दुसऱ्या वेळी भात, असं चालू केलं असतं आणि पुढच्या तपासणीत पोटॅशियम बघितलं असतं. एकदम दोन्ही वेळा नाही. इतके दिवस पोटाला फायबरची सवय नाही, एकदम दिलं तर गॅस धरेल, फुगेल आणि मग घरचे म्हणतील बघा भाकरीनंच बाधलं.

डाळीचं. ५२ किलोच्या माणसाला, शुगर नाही आणि डायलिसिस नाही, तर किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे दिवसाला ३१ ते ४२ ग्रॅम. नक्की आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. पण डाळ शून्य करायला त्यात कुठंच सांगितलेलं नाही. तूर-मूग डाळ एका वेळेला एक छोटी वाटी शिजवलेली बसते. डाळीत फॉस्फरस आहे म्हणून लोक घाबरतात, पण धान्य-डाळीतला फॉस्फरस फायटेट नावाच्या घटकात अडकलेला असते, आपल्या आतड्यात पूर्ण शोषला जात नाही. त्याच्यापेक्षा पाकिटातल्या खाण्यात, कोल्ड्रिंकमध्ये मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच अंगात जाते. म्हणजे वरण बंद आणि बिस्किटाचा पुडा चालू, हे मला दर आठवड्याला दिसते आणि दर आठवड्याला डोकं फिरते.

भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी फेकून द्यायचं, पोटॅशियम बरंच उतरते. बटाटा तर तसाच करा. दोडकं, दुधी, कोबी, वांगं, काकडी यांत तसंही फार नसते. सालीसकट वांगं करा. भरीत थोडं चालेल, पण बैंगणाच्या नावाखाली टमाटे भरू नका. कांदा मात्र घाला बिनधास्त, त्यात इन्युलिन असते, जंतूंचं आवडतं खाणं, आणि पोटॅशियम माफक. लसणात त्याच्याहून जास्त, पण लसूण खातो किती आपण.

फळ पूर्ण बंद नको, सफरचंद, पेरूची एखादी फोड. केळ, नारळपाणी, संत्र्याचा ज्यूस नको (आपल्या भागात संत्रं घरचं असते म्हणून मुद्दाम लिहिलं).

आणि ही गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून चुलीजवळ लावा, बाजारात "कमी सोडियमचं मीठ" मिळते ते किडनीच्या पेशंटला द्यायचं नाही. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते.

चुलीपासची_सून

अहो ताई, तेच मीठ आणून ठेवलं आहे घरात. बीपीसाठी चांगलं म्हणून यांनी अकोल्याहून आणलं. आत्ताच डब्यातून काढून टाकते.

आहार_अमरावती

काढा काढा. बाकी घरच्यांना चालेल, पण एका घरात दोन मिठं ठेवली की गोंधळ होते, मी तर ठेवूच नका म्हणते.

डायलिसिसचा_भाऊ

माझा मोठा भाऊ आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते, फुले योजनेत होते म्हणून निभते. वाचणाऱ्यांपैकी कोणी डायलिसिसवर असेल तर वरचं प्रोटीनचं गणित लावू नका. डायलिसिसमध्ये प्रोटीन निघून जाते म्हणून आम्हाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगितलं, अंडं खा म्हणाले. आणि पाणी मोजून प्यावं लागते, त्यामुळे इसबगोल वगैरे घेताना फार अवघड, ते पाणी पिते आणि पाणी कमी पडलं तर आतच घट्ट होऊन बसते. आमच्या डॉक्टरांनी इसबगोल नको म्हणून लॅक्टुलोजचं सिरप दिलं.

बी_फार्म_वाला

@डायलिसिसचा_भाऊ मस्त मुद्दा. लॅक्टुलोज स्वतःच प्रीबायोटिक आहे, आपल्याला पचत नाही, जंतूंना पचते. इसबगोल पोट साफ करायला चांगलं पण ते फारसं आंबत नाही, म्हणजे जंतूंना त्यात तेवढं खाणं मिळत नाही. ज्यांना चालते त्यांनी भरपूर पाण्यासोबत आणि गोळ्यांपासून दोन तास लांब, नाही तर गोळी पण त्यातच अडकते.

आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं रेचक आणू नका. पांढरं मॅग्नेशियमचं औषध किडनीच्या पेशंटमध्ये साचते. फॉस्फेटचा एनिमा तर अजिबात नाही. पाठदुखीला डायक्लोफेनॅकची सुई पण नाही, हे धाग्याच्या बाहेरचं आहे पण आपल्याकडे गावोगावी ती सुई पाण्यासारखी टोचतात म्हणून सांगितलं.

कपाशीचा_कास्तकार

हे सुईचं खरं आहे बाप्पा. निंदणीच्या दिवसात आमच्या गावात सगळ्या बायकांची कंबर दुखते आणि सगळ्या संध्याकाळी सुई घ्यायला रांगेत. कोणी विचारत नाई बीपी आहे का किडनी आहे का. फायबरच्या आधी यावर एक धागा काढा कोणीतरी.

निळी_पेन्सिल

कुळथाचं पाणी कोणी ट्राय केलं का? माझ्या काकांचा खडा पडला त्यानं, क्रिएटिनिनला पण चालत असेल ना.

आहार_अमरावती

@निळी_पेन्सिल नाही हो. खडा हा वेगळा आजार, किडनी कमजोर होणं वेगळं. कडधान्य उकळलेल्या पाण्यात त्याचं पोटॅशियम उतरलेलं असते, तेच पाणी आम्ही फेकायला सांगतो आणि तुम्ही तेच प्यायला सांगून राहिले.

पूर्णाकाठ

एक शंका. डाळ भिजवून पाणी फेकलं तर फायबर पण जात नाही का?

आहार_अमरावती

@पूर्णाकाठ चांगला प्रश्न. डाळी-कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्याच गॅस करतात आणि त्याच जंतूंना आवडतात. भिजवून पाणी फेकलं की त्या थोड्या जातात, पोटॅशियम पण जाते. मामाजींसारख्या पेशंटला मी म्हणेन जाऊ द्या, पोटॅशियम आधी. सालीचं आणि बाकीचं फायबर राहतेच. ज्यांची किडनी ठणठणीत आहे आणि फक्त बीपी किंवा शुगर आहे त्यांनी मात्र काहीच फेकू नका, उसळ खा, पालेभाजी खा, अंबाडी खा, हरभऱ्याचा घोळाणा खा. खरं तर फायबरचा जास्त फायदा त्यांनाच आहे, पण त्या वयात दवाखान्याचा कागद हातात नसते म्हणून कोणी ऐकत नाही.

चुलीपासची_सून

सगळ्यांचे खूप आभार. काल आम्ही डॉक्टरांकडे तपासणीला गेलो तेव्हा हेच प्रश्न कागदावर लिहून नेले. डॉक्टर म्हणाले ज्वारी मी बंद केलीच नव्हती. एक भाकर सकाळी चालेल, महिन्यानं पोटॅशियम परत बघू, वरण एक वाटी, आणि पोटासाठी ते लॅक्टुलोजच लिहून दिलं. पावडर दाखवली तर म्हणाले घेऊ नका. यांना ते ऐकून बरं वाटलं, पैसे वाचले म्हणून.

आता अजून दोन प्रश्न. हुरड्याचे दिवस येतील तेव्हा काय, आमच्या शेतात तेवढ्यासाठी ज्वारीचे दोन तास (ओळी) लावतो आम्ही, सगळं घर खाते आणि मामाजी बघत बसतील असं होणार. आणि जवसाची चटणी त्यांना लय आवडते, ती चालेल का.

आहार_अमरावती

हुरडा म्हणजे ज्वारीच, कोवळी. त्या दिवशीची भाकर काढा आणि तेवढ्याच मापाचा हुरडा द्या, मूठ-दीड मूठ. सोबतची शेव आणि शेंगदाण्याची चटणी मात्र नको, मीठ तिथूनच जाते. जवसात फायबर भरपूर पण पोटॅशियम-फॉस्फरसही भरपूर, म्हणून चमचाभर, रोज नाही, आणि मीठ न घालता वाटा. लाल तिखट, लसूण, जिरं घातलं की मीठ नसल्याचं पहिले दोन घासच कळते.

कपाशीचा_कास्तकार

ताई, त्याईच्या हुरड्याले आम्हाले पण बोलवा, आम्ही मीठ-शेव सगळं आमच्या पोटात घेतो.